ट्रम्पेटचा धागा

आमचे अकोल्याचे घरमालक लग्नाची वरात आली की जेवण अर्धं टाकून उठायचे. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची लुंगी, पायात हाताला लागेल ती चप्पल, कधी एक त्यांची आणि एक काकूंची. नवरदेवाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. थेट बँडच्या रांगेत शिरायचे, ट्रम्पेटवाला हुडकायचे आणि वाद्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर कान ठेवून त्याच्याबरोबर चौकापर्यंत चालत जायचे. वाजवणारा बिचारा बिचकायचा. ह्या माणसाला फर्माईश करायची आहे की भांडण, ते त्याला कळत नसे. चौकात पोचलं की हे दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून हवेतलं काहीतरी हळूच ओढायचे, डोळे बारीक करून पाहायचे आणि सांगायचे, "धागा बरा हाये. कचरा लय." मग उलटे फिरून घरी यायचे आणि उरलेली भाकरी संपवायचे.

कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती. हंगामात अकोटला, कधी आणखी कुठे. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन अंगठ्यांत ओढून धागा किती लांब ते पाहायचं, ओल किती, पाल्यापत्तीचा कचरा किती ते जोखायचं आणि भावासाठी प्रत ठरवून मोकळं व्हायचं. निवृत्तीनंतर कापूस सुटला, ओढणं सुटलं नाही. गल्लीत सगळे त्यांना ग्रेडरसाहेब म्हणत. मी काका म्हणायचो.

मी अमरावतीचा. अमरावतीचा माणूस नोकरीसाठी अकोल्याला आला की पहिले सहा महिने उन्हाला आणि धुळीला नावं ठेवतो आणि मग मुकाट्यानं राहतो, तसंच माझंही झालं. बियाण्यांच्या एका कंपनीत काम लागलं होतं आणि वरच्या मजल्यावरची खोली पाहायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. भाड्याचं, लग्नाचं, जेवणाखाण्याचं काही विचारणं नाही.

"वाजवता का काई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"गान्यातलं समजते?"

"नाही हो."

"मंग राहा."

आधीचा भाडेकरू म्हणे हार्मोनियम शिकवायचा आणि दर गोष्टीत ह्यांच्याशी हुज्जत घालायचा. काकांनी मला नंतर समजावून सांगितलं. "समजनारा मानूस समोरच्याचं तोंड पाहून बोलते. तुले काईच समजत नाई, तू खरं सांगशीन." माझ्या अडाणीपणाची इतकी कदर आजवर दुसऱ्या कोणी केलेली नाही. अकोला सोडेपर्यंत मी त्या घरचा अधिकृत कान होतो.

त्यांचा स्वतःचा ट्रम्पेट दिवाणाखाली लाकडी पेटीत, काकूंच्या जुन्या पातळात गुंडाळून ठेवलेला असे. तरुणपणी ते वस्तीच्या बँडात जयंतीच्या मिरवणुकीला वाजवायचे. हे वाद्य त्यांनी शेंदूरजनाघाटच्या एका मोडलेल्या बँडकडून घेतलं होतं. त्याला एका अंगाला पोचा होता आणि तो कसा पडला ह्याच्या दोन वेगवेगळ्या कथा ते सांगत. रोज उन्हं कलली की गच्चीवर जाऊन वाजवायचे, पण लोकांसमोर कधी नाही. नोकरी लागल्यापासून त्यांनी ते बंद केलं होतं. "परीक्षकानं पेपर लिहू नोये," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं शास्त्र एका वाक्याचं होतं. ट्रम्पेट नुसता चांगला किंवा नुसता वाईट नसतो, तो कोणाच्या संगतीत वाजतो आहे ते पाहायचं. वरातीत त्यानं लाज सोडूनच वाजावं, कारण तिथं ढोल, फटाके, जनरेटर आणि नवरदेवाचे मित्र ह्या सगळ्यांशी त्याची गाठ असते. शाळेच्या बँडात तो चुकला तर मागची सगळी रांग त्याच्यामागे चुकते, म्हणून तिथं सरळ वाजवणारा हवा, नखरेवाला नको. कव्वालीत त्यानं जाऊच नये, तिथं टाळीला जागा लागते. आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत वाजायचंच असेल तर त्यानं सगळ्यात मागं, चपला घालून निघालेल्या शेवटच्या माणसाच्याही मागं असावं. ही शेवटची सूचना ते मला फार गंभीरपणे द्यायचे, जणू माझ्या हातात असल्या यात्रांचं काही कंत्राट होतं.

एकदा गणपतीत ते मला ऑर्केस्ट्रा ऐकायला घेऊन गेले. निळ्या चमकत्या कोटातला एक धिप्पाड गडी माइकला ट्रम्पेट चिकटवून वाजवत होता आणि पब्लिक शिट्ट्या मारत होतं. मलाही आवडलं होतं. काका मात्र कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून बसले होते. "ओला कापूस," ते म्हणाले. वजन वाढावं म्हणून काही लोक गाडी केंद्रावर आणण्याआधी कापसावर पाणी शिंपडतात, ते त्यांनी मला तिथंच, गाणं चालू असताना सविस्तर सांगितलं. "माइकनं वजन वाढलं भाऊ. धागा तेवढाच हाये." पुढच्या रांगेतल्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजमागं जाऊन त्या गड्यालाही हेच सांगून आले. तो काही चिडला नाही. घाम पुसत ट्रम्पेट पुढं करून म्हणाला, "बाबूजी, तुम्हीच वाजवून दाखवा मंग."

काका हात मागं बांधून उभे राहिले. "मी ग्रेडर हाये. मी कापूस पेरत नाई," एवढं म्हणून ते निघाले.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नका. अमरावती रोडवरच्या एका मंगल कार्यालयाकडे वरात चालली होती. बँड तिवश्याचा, मास्तर ओळखीचा. काकांनी त्याला पटवलं की ट्रम्पेट स्पीकरच्या गाडीमागं वाया चालला आहे, तो घोड्याच्या पुढं घे. मास्तरनं भिडेपोटी घेतला. पहिल्याच सुरावर घोडं जे मागं सरकलं ते नवरदेवासकट जनरेटरच्या गाडीला जाऊन टेकलं. दिवे गेले, कलवऱ्या ओरडल्या, नवरदेवाचा मामा बाह्या सरसावून आला. काकांना मी हाताला धरून पानठेल्यामागं नेलं. तिथं अंधारात उभं राहून त्यांनी शांतपणे निकाल दिला, "ट्रम्पेट बराबर होता. घोडं चुकलं."

काकू ह्या सगळ्याला कधी हसायच्या नाहीत आणि कधी रागवायच्याही नाहीत. त्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या. पोरांना गोळा करायची सवय असल्यामुळे नवऱ्यालाही त्याच आवाजात वरातीतून परत बोलवायच्या. विहारातल्या बायकांच्या गाण्याच्या मंडळात त्या पुढं बसायच्या. हार्मोनियमच्या सप्तकातली शेवटची काळी पट्टी, जिला गाणारे लोक काळी पाच म्हणतात, तिथं त्यांचा सा लागायचा. उंच आणि स्वच्छ आवाज होता तो, धुतलेल्या भांड्यासारखा. गंमत अशी की काकांच्या ट्रम्पेटचं एकही बटण न दाबता नुसती फुंक मारली की जो सा निघतो, तोही काळी पाचच. काकू हे सगळ्यांना सांगत. "आमच्यात कुंडली पाह्यत नाईत," त्या म्हणायच्या, "पन पट्टी पाहून घेतली होती मी."

पट्टी पाहून घेतली तरी दोघं एकत्र कधी गायले-वाजवले नव्हते. काकू लग्न झाल्यापासून म्हणत आल्या होत्या की मंडळात माझ्याबरोबर एक गाणं वाजवा, आणि काका लग्न झाल्यापासून नाही म्हणत आले होते. त्यांच्या प्रतवारीत बायकांचं गाणं आणि ट्रम्पेट ही जोडी बसतच नव्हती. ट्रम्पेट बायकांच्या आवाजावर पाय देतो, असं त्यांचं ठाम मत. मला वाटायचं, चालायचंच, नवरा-बायकोत अशी एखादी मागणी जन्मभर लोंबकळत असते.

मग काकूंच्या गळ्याला गाठ आली. आधी त्यांनी ती पदरानं झाकली, मग गिळताना टोचायला लागली तेव्हा सांगितली. अमरावतीच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. थायरॉइडची गाठ होती, काढावी लागणार होती. आवाजाची नस गाठीला चिकटून आहे, डॉक्टर म्हणाले, आम्ही जपून काढू, पण आवाज असाच राहील असा शब्द देत नाही. काकूंनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी आधी संत्री घेतली, ती पिशवीत नीट रचली आणि मगच एस.टी. स्टँडकडे निघाल्या.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "अवो, आपरेशनच्या आंधी एक गानं मले तुमच्यासंगं म्हनायचं हाये. विहारात, पौर्निमेले."

काकांनी घास तसाच हातात धरला. "नाई जमत ते. तुहा आवाज दाबल्या जाईन."

"मंग नका दाबू," काकू म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून घराची प्रयोगशाळा झाली. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की वराती येऊन जायच्या आणि ते उठायचे नाहीत. ट्रम्पेटचं तोंड त्यांनी पिठाच्या डब्यात घालून पाहिलं, तेव्हा शेजारचे विचारायला आले की पाण्याची मोटर बिघडली का. गोधडी लावून पाहिली. शेवटी अर्थातच कापूस आला. अकोटच्या जिनिंगमधल्या जुन्या ओळखीवर त्यांनी कापसाच्या वेगवेगळ्या प्रती पिशव्यांतून आणल्या आणि एकेक वाद्यात कोंबून ते वाजवू लागले. "आखूड धाग्याचा आवाज गिळते," ते मला सांगत, "अन् लांब धाग्याचा गाळते." मला सगळ्या प्रतींमध्ये एकच आवाज ऐकू येई, सर्दी झालेल्या माणसाचा. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी कापूस काढून टाकला आणि पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही. माझं कोणी इतकं ऐकतं ह्याची मला सवय नव्हती.

मग जागेचा शोध सुरू झाला. काकू पुढच्या खोलीत बसून त्यांनीच रचलेलं गाणं म्हणायच्या. त्यांच्या आईवरचं होतं. *माय माही वेचे कापूस, ओटीत भरते ऊन*, असं धृपद. मी त्यांच्या शेजारी टॉवेल घेऊन बसायचो. दोन्ही आवाज सारखे ऐकू आले की मी खिडकीतून टॉवेल हलवायचा, असं ठरलेलं. काका स्वयंपाकघरातून वाजवत, न्हाणीतून वाजवत, गच्चीवरून, टाकीच्या मागून, गल्लीच्या टोकावरून. लोकांना वाटलं, निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं. एके दिवशी चक्की बंद होती, तर ते रस्ता ओलांडून चक्कीच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी फुंक मारली. मधे रस्ता, थोडी मोकळी जागा, एक लिंब. त्या सगळ्यातून येता येता ट्रम्पेटचं टोक कुठंतरी गळून पडलं आणि जे खोलीत शिरलं ते काकूंच्या आवाजाला धरून राहिलं. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मी टॉवेल हलवतच राहिलो.

काका धापा टाकत आले. चेहरा उजळला होता. "सापडली जागा. रस्ता मंधात पायजे."

"एवढ्या दूर?" काकूंनी विचारलं.

"दूर नाई. बराबर."

पौर्णिमेला विहारात गर्दी होती. बायका पांढरी लुगडी नेसून स्टेजवर बसल्या होत्या. गाठीमुळे काकूंना खाली मांडी घालून गाताना त्रास व्हायचा म्हणून त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली होती. त्यांच्या शेजारी तशीच आणखी एक खुर्ची होती आणि तिच्यावर त्यांची घडी केलेली शाल. मला वाटलं, पेटीवाल्या ताईंसाठी असेल. काका कंपाउंडच्या भिंतीमागं, रस्त्याच्या पलीकडे, दिवसाउजेडी पावलं टाकून पाहून ठरवलेल्या जागी उभे होते. त्यांना सुरुवात कळावी म्हणून मी फाटकात उभा होतो.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याआधी भिंतीपलीकडून ट्रम्पेट आला. लोक माना वळवून इकडेतिकडे पाहू लागले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनं रेकार्ड लावली?" इतकं ते साफ होतं. काकूंचा आवाज वर आणि तो खाली, कुठंही पाय नाही, धक्का नाही. टाळ्या थांबेनात. काका ट्रम्पेट काखेत मारून फाटकातून आत आले तेव्हा लोकांनी त्यांचे हात धरले. इतक्या वर्षांनी त्यांनी पेपर लिहिला होता आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. स्टेजवर काकूंनी शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलली आणि घडी न मोडता पिशवीत टाकली.

घरी आल्यावर काकांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "कसा होता धागा?"

"भिंतीले इचारा," काकू म्हणाल्या.

पुढं कितीतरी दिवस त्या घरात हे एकच उत्तर होतं. चहा झाला का? भिंतीले इचारा. माहा चष्मा कुठं हाये? भिंतीले इचारा. काका एकदा खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, गंमत म्हणून, पण काकू हसल्या नाहीत. मी जिन्यातून चोरासारखा ये-जा करायचो. काकांना काही समजत नव्हतं. ते मला गच्चीवर नेऊन विचारत, तुझ्या कानाला कुठं कमी-जास्त वाटलं का, भिंत थोडी उंच पडली का. मी म्हणायचो, काका, आवाजात काही चूक नव्हती.

अखेर एका सकाळी चहा पिताना काकूच बोलल्या. माझ्यासमोरच बोलल्या, म्हणजे मीही ऐकावं असं त्यांना वाटत असावं.

"मी तुमाले लग्नापासून म्हनून राहिली. वाजवा माह्यासंगं, वाजवा माह्यासंगं. मले का ट्रम्पेट पायजे होता? तुमी पायजे होते. बाजूले. खुर्ची ठेवली होती मी."

काकांनी कप खाली ठेवला. अंगठे आणि बोटं जुळवली, पण ओढायला काही नव्हतं. मग ते उठून गच्चीवर गेले. त्या दिवशी वरून आवाज आला नाही.

मंडळाचा आता दुसरा कार्यक्रम नव्हता आणि ऑपरेशनची तारीख आली. दवाखाना अमरावतीचा, म्हणून आदल्या दिवशी दोघं आमच्या घरी उतरले. मी सुटी काढली होती. काकांच्या हातात लाकडी पेटी पाहून माझ्या आईला वाटलं, कपडे आणलेत. संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. दुपारी जेवणं झाली, काकू आमच्या पुढच्या खोलीत दिवाणावर टेकल्या होत्या. काकांनी पेटी उघडली, पातळ सोडलं आणि ट्रम्पेट घेऊन काकूंच्या शेजारी जाऊन बसले. इतके जवळ की गुडघ्याला गुडघा लागला.

"काका, व्हरांड्यातून वाजवा," मी म्हणालो. "खोली फार लहान आहे."

"माहीत हाये मले," ते म्हणाले.

आईनं फडताळावरच्या काचेच्या बरण्या पटापट खाली घेतल्या. मी मोबाइल काढून रेकॉर्डिंग लावलं. मग काकांनी फुंकलं. तशी भयंकर गोष्ट मी जन्मात ऐकलेली नाही. खिडकीची काच थरथरत होती, मांडणीतली ताटं झणझणत होती, शेजारची पोरं फाटकाला येऊन लटकली. काकू गात होत्या, म्हणजे त्यांचे ओठ हलत होते, मान ताठ झाली होती, गाठ वरखाली होत होती. पण त्यांचा एक शब्द आमच्यापर्यंत पोचत नव्हता. डॉक्टरांनी शब्द न दिलेला तो आवाज, उद्या असेल-नसेल असा, आमच्यासमोर तीन हातांवर चालला होता आणि आम्हाला ऐकू येत नव्हता. मला काकांचा राग आला. त्यांच्या हातातून ते पितळ काढून घ्यावं असं वाटलं. मग मी काकूंकडे पाहिलं. त्या नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन गात होत्या आणि गाता गाता हसत होत्या. मी फोन धरून तसाच उभा राहिलो.

गाणं संपल्यावर त्यांनी पदरानं काकांच्या कपाळावरचा घाम टिपला. "झालं," त्या म्हणाल्या. "आता चला."

ऑपरेशन नीट झालं. गाठ वाईट नव्हती, हे कळलं तेव्हा काका दवाखान्याच्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. आवाज मात्र गेला. कितीतरी आठवडे नुसती हवा निघायची. मग थोडा घोगरा, खालचा आवाज आला आणि तिथंच थांबला. काळी पाच पुन्हा लागली नाही. काकू मंडळात जातात, पण आता टाळ धरतात.

मी पुढं बदली मागून अमरावतीला परत आलो. तरी काही काम निघालं की अकोल्याला जातोच. दोघं संध्याकाळी गच्चीवर बसतात, काकू हळू आवाजात काहीबाही म्हणतात आणि काका ट्रम्पेटवर त्यांच्या नव्या पट्ट्या हुडकतात. त्या वयात त्यांना सगळी बोटं नव्यानं बसवावी लागली. मी एकदा विचारलं, "जुळतं का काका?"

"नाई जुळत," ते म्हणाले. "सकाळी तिची काळी तीन असते, संध्याकाळी भलतंच. मी मांगं मांगं जातो."

परवा गेलो होतो तेव्हा काकू आत स्वयंपाकाला होत्या. काका खुर्ची माझ्याकडे ओढून हळूच म्हणाले, "तवा तुह्या घरी तू फोन धरून होता ना? हाये का ते?"

होतं. ते कधी पुसायचं मनात आलं नव्हतं आणि कोणाला ऐकवायचंही नाही. मी लावलं आणि आवाज बारीक ठेवून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानापासून हातभर दूर धरला. सवयच ती. काही वेळ ऐकून म्हणाले, "लय खराब. खोली लहान, वाद्याचं तोंड भिंतीकडं. तिचा पत्ताच नाई."

त्या गाण्यात एके जागी ट्रम्पेट थांबतो, एवढ्यात ती जागा आली. वाजवणाऱ्याला कुठंतरी श्वास घ्यावाच लागतो. तेवढ्या फटीत काकूंचा आवाज आहे. *भरते ऊन.* एवढंच. स्वच्छ, उंच, जसा होता तसा. मग लगेच पुन्हा ट्रम्पेट.

काकांनी फोन माझ्यापुढं धरला. "मांगं घे." मी घेतलं. पुन्हा तीच जागा आली आणि गेली. ते पुन्हा म्हणाले, "मांगं घे." कितीदा घेतलं कोण जाणे. त्यांची बोटं मांडीवर गप्प होती.

"इथं दम घेतला मी," ते म्हणाले. "एकाच जागी घेतला. आनखी घ्यायले पायजे होता."

गाणं पुन्हा त्या जागेशी येत होतं. तेवढ्यात आतून काकूंचा घोगरा आवाज आला, "अवो, गरम हाये तवर या दोघंई."

काकांनी ती जागा येण्याच्या आधीच फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"हे कवाई ऐकता येते," ते म्हणाले आणि उठून आत गेले.